मागची टाकी खाली आहे

संपादकांचा निरोप आला तो असा: "तुमचा तो टाकीचा किस्सा लिहून पाठवा. दिवाळी अंकात काहीतरी हसतं-खेळतं हवंय." हा किस्सा त्यांच्यापर्यंत कसा पोचला ते मला ठाऊक आहे. झाशीतल्या मराठी घरांमध्ये तो गेली कित्येक वर्षं फिरतो आहे आणि तो फिरवण्यात माझाच हात मोठा. गणपतीच्या आरतीनंतर, मुंजीच्या पंगतीत, साखरपुड्याच्या चहाला कोणी ना कोणी म्हणायचंच, "पुराणिक, ते टाकीचं होऊन जाऊ दे." मग मी सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. या वेळी मात्र मी तो सगळा सांगणार आहे. सगळा सांगितला की त्यात हसण्यासारखं फारसं उरत नाही, हे संपादकांनी आधीच लक्षात घ्यावं.

आमच्या घराण्याला पेशव्यांच्या काळात पूजाअर्चेसाठी इकडे आणलं आणि आम्ही इथलेच झालो. वडील लक्ष्मी तालाकडच्या वस्तीत पूजा सांगायचे. मी डिझेल इंजिनाचा मिस्त्री झालो. बेतवा नदीवरच्या एका धरणावर खात्याची मोटरबोट होती, तिचं इंजिन माझ्याकडे असायचं. तिथले लोक मला 'पंडित मिस्त्री' म्हणत. वडिलांना त्यातला पहिला शब्द आवडायचा, दुसरा नाही.

आमच्या मराठीबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. आमच्या घरात 'फुलपात्र', 'गडू', 'माजघर' हे शब्द अजून आहेत, जे पुण्या-साताऱ्याकडे आता कोणी वापरत नाही म्हणतात. आणि त्याच तोंडानं आम्ही 'मी सोचलं', 'गाडी छूटून गेली' असंही म्हणतो. आपण काही चुकीचं बोलतो असं आम्हाला वाटत नाही. चारी बाजूंनी हिंदी आणि बुंदेली, मध्ये आमची पन्नासेक घरं. दुधात पाणी किती हे दुधाला कसं कळणार? माझी सूनबाई साताऱ्याची आहे. हा लेख तिनं तपासून दिला आहे, म्हणून तो इतका शुद्ध दिसतो.

आता कामाबद्दल. बोटीचा मिस्त्री म्हणजे सारखा पाना घेऊन इंजिन खोलत बसलेला माणूस, असं लोकांना वाटतं. खरं तर निम्मं काम गाळण्याचं असतं. डिझेल पिंपातून यायचं. पिंपं उघड्यावर पडलेली, त्यांच्या झाकणावर पावसाचं पाणी साचायचं आणि हळूहळू आत उतरायचं. शिवाय टाकी अर्धी रिकामी राहिली, की गार हवेनं तिला आतून घाम सुटतो. हे पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि गंज, माती, शेवाळ असली घाण सोबत घेऊन बसतं. इंजिनाच्या पंपाचे भाग इतके नाजूक घासलेले असतात की, केसाइतकी घाणही त्यांना चालत नाही. म्हणून टाकी आणि पंप यांच्यामध्ये गाळण्या असतात. आधी काचेची एक वाटी, तिच्यात पाणी खाली बसतं. मग कापडाचा फिल्टर, मग कागदाचा. रोज सकाळी वाटीच्या बुडाचा स्क्रू सैल करून पाणी सोडायचं, स्वच्छ डिझेल यायला लागलं की बंद. कापडाचा फिल्टर धुता येतो. कागदाचा मात्र मुदत संपली की फेकायचा असतो.

हे फेकणं आपल्या लोकांना जमत नाही. चिरगाँवच्या रस्त्यावर मी असे मिस्त्री पाहिले आहेत, जे कागदाचे फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन कुरडयांसारखे उन्हात वाळत घालायचे. धुतलेला कागद दिसतो स्वच्छ, पण त्याची भोकं मोठी झालेली असतात नाहीतर बुजलेली. मी अशा लोकांना शिव्या घालायचो. आमच्या बोटीवर एकदा एक तपासनीस आले, त्यांना फिल्टरची पितळी टोपी चकचकीत हवी होती. ती मी चिंचेनं घासून देवघरातल्या समईसारखी केली. ते खूश होऊन गेले, आत काय आहे ते त्यांनी विचारलंही नाही.

वडील एकदाच बोटीवर आले. मी पिंपातलं डिझेल फडक्यातून गाळून टाकीत ओतत होतो आणि ते फडकं त्यांच्याच जुन्या धोतराचं होतं. त्यांनी ते ओळखलं. बराच वेळ बघून म्हणाले, "गाळतोस तरी नीट." त्यांच्याकडून माझ्या धंद्याला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

फिल्टर बदलला की आणखी एक काम असतं, हवा काढण्याचं. नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर डिझेल पुढे सरकत नाही आणि इंजिन बंद पडतं. मग वरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप हलवत राहायचा आणि फेस यायचा थांबून सलग धार लागली, की स्क्रू आवळायचा. सांगायला सोपं आहे. पाण्याच्या मधोमध, बोट हलत असताना आणि कोणी तुमच्याकडे टक लावून बघत असताना ते तितकं सोपं नसतं.

बोट चालवायचा हरदयाल रैकवार. जातीनं केवट. धरण व्हायच्या आधी त्याचा बाप त्याच नदीवर नाव चालवायचा. पाण्याच्या पलीकडच्या काठावर त्याचं गाव. गडी उंच, आवाज बारीक, आणि साहेब लोकांसमोर तो आवाज आणखी बारीक व्हायचा. त्याला एकच मुलगी, सुमित्रा. शिकलेली. त्या हिवाळ्यात झाशीच्या इस्पितळात नर्सच्या ट्रेनिंगसाठी मुली निवडणार होते आणि तिला मुलाखतीला बोलावलं होतं. रैकवारच्या बायकोला हे मुळीच पसंत नव्हतं. पोरगी परक्या शहरात राहणार, रात्रीबेरात्री पुरुषांच्या वॉर्डात जाणार, मग तिला करून कोण घेणार? शेवटी तिनं एक अट घालून मान हलवली. रैकवारनं ती मला ऐकवली होती, तिच्याच शब्दांत: "ई बेर हो गई तौ हो गई, नईं तौ बैसाख में ब्याव."

म्हणजे एकच संधी. त्यात आईचं म्हणणं, पोरीला आदल्या दिवशीच लांबच्या रस्त्यानं बसनं झाशीला नातेवाइकांकडे पाठवा. रैकवार म्हणाला, कशाला? "हमाई नाव है, हम पौंचा दैहें." आमची बोट सकाळी पलीकडच्या काठावर पाहणीला जायचीच होती. परतताना पोरीला घ्यायचं, अलीकडे साहेबांची जीप उभी असेल, ती थेट झाशीला. साहेबांनी स्वतःहून होकार दिला होता.

साहेब म्हणजे सोहोनी साहेब, सांगलीकडचे. बदली होऊन नुकतेच आले होते. झाशीसारख्या ठिकाणी, धरणावर, बोटीच्या इंजिनात डोकं घातलेला मराठी माणूस सापडल्याचा त्यांना कोण आनंद झाला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे वा, घरचं माणूस निघालं की." मग ते माझ्याशी कामाचं सगळं मराठीतच बोलायचे. त्यांच्या तोंडचं मराठी झरझर चालायचं आणि अर्धंमुर्धं माझ्या डोक्यावरून जायचं. मी 'होय साहेब' म्हणायचो. 'समजलं नाही' म्हणायची मला लाज वाटायची. दोनशे वर्षं जपलेली भाषा आणि तिच्यातच पुन्हा विचारायचं? कधी मी 'सोचलं' म्हणालो की ते हसून म्हणायचे, "पुराणिक, सोचलं नाही, वाटलं. वाटलं म्हणा." मीही हसायचो. त्या हसण्यानं आमची चांगली गट्टी जमली होती.

बोटीला दोन टाक्या होत्या. एक पुढे, इंजिनाशेजारी, नजरेसमोर. दुसरी मागे, फळ्यांच्या खाली. एका कॉकनं पाहिजे ती लावता यायची. मागच्या टाकीत पाणी शिरलं होतं म्हणून मी ती आदल्या दिवशी रिकामी केली होती. तळाचा गाळ दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसून काढायचा होता. कोणी फिरवू नये म्हणून नियमानं मी त्या कॉकला तार बांधून ठेवायला हवी होती. बांधली नाही. बोटीवर आम्ही तिघंच, आणि उरलेल्या दोघांना तोंडी सांगितलं की झालं, असं मी सोचलं. रैकवारला सांगितलं, "पीछे की टंकी खाली है." तो म्हणाला, "हओ पंडितजी."

मग साहेब आले. ते बोट समजून घेत होते, कुठं काय आहे ते रोज विचारायचे. मी म्हणालो, "साहेब, मागची टाकी खाली आहे."

"बरं, बरं. आणि पुढची?"

"पुढची वापरायची."

"ठीक."

मराठी वाचकांना आता दिसलंच असेल. त्यांच्या मराठीत खाली म्हणजे तळाला. माझ्या मराठीत, म्हणजे झाशीच्या मराठीत, खाली म्हणजे रिकामी. आणि टाकी खरोखरच फळ्यांच्या खाली होती, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. 'ध'चा 'मा' करायला निदान अक्षर तरी खोडावं लागलं होतं. आम्ही काहीच न खोडता ते साधलं.

पलीकडची पाहणी आटोपली. सुमित्रा काठावर उभी होती. धुतलेलं पातळ, तेल लावून घट्ट वेणी, आणि सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेली. तिची आई जरा मागे, झाडाखाली थांबली होती. ती पाण्यापर्यंत आली नाही. बोट निघाली तसा मी सुमित्रासोबत पुढच्या टोकाला बसलो. ती विचारत होती, काय काय विचारतील. मला नर्सिंगमधलं काय कळणार, पण मीही शहाणपणा सांगत होतो: सरळ उभी राहा, घाबरू नकोस, नाव मोठ्यानं सांग. इंजिनाच्या आवाजात मागे काय चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं.

मागे असं झालं. पुढची टाकी अर्ध्यावर आलेली साहेबांना दिसली. माणूस सावध. त्यांनी रैकवारला मागची टाकी लावायला सांगितली. रैकवार म्हणाला, "साहब, वो तो खाली है." साहेब म्हणाले, "हाँ हाँ, मालूम है, खाली है. पुराणिक ने बताया. तुम खोलो." साहेबांना मालूम आहे म्हटल्यावर रैकवारनं काय करायचं? त्यानं कॉक फिरवला.

आम्ही जवळजवळ मध्यावर होतो. इंजिन आधी गुरगुरलं, मग दमेकऱ्यासारखं धापा टाकू लागलं, एकदा पुन्हा जोरात धावलं आणि गप्प झालं. एकदम इतकी शांतता झाली की काठावरच्या टिटव्या ऐकू यायला लागल्या. मी मागे गेलो. काचेची वाटी चहासारख्या पाण्यानं भरलेली. कॉक बघितला, तर मागच्या टाकीवर.

मी मराठीत म्हणालो, "साहेब, ही कोणी लावली? मी सांगितलं होतं ना, खाली आहे?"

"हो, सांगितलंत की. खालीच आहे ना ती." आणि त्यांनी बोटानं पायाखालची फळी दाखवली.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आधी त्यांना उमगलं की मला, ते आठवत नाही. साहेब जे हसत सुटले ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी आलं. "खाली म्हणजे रिकामी. अहो पुराणिक, काय हो तुमचं मराठी." मीही हसलो. वाटी हातात, मनगटापर्यंत काळं डिझेल, आणि मी खो खो हसत होतो. माझ्या हसण्यात थोडी सुटकाही होती, हे खरं. चुकलं कोणाचंच नाही, असं ते हसणं सांगत होतं. रैकवारही जरा हसला, साहेब लोक हसले की माणूस हसतो तसा, आणि त्यानं हात जोडले. साहेबांनी डोळे पुसले आणि त्याला चांगल्या मनानं म्हणाले, "कोई बात नहीं रैकवार, होता है. आगे से ध्यान रखना."

किस्सा मी नेहमी इथंच संपवायचो. टाळी इथंच पडायची.

पण बोट तर बंदच होती. कॉक मी पुढच्या टाकीवर फिरवला, पण दोन्ही फिल्टर चोंदले होते. कापडाचा धुता आला. कागदाचा पाण्यानं फुगून लापशीसारखा झाला होता. नवा कागदी फिल्टर एरवी माझ्या पेटीत असायचाच. पण परतल्यावर टाकी साफ करताना लागेल म्हणून मी तो काठावरच्या शेडमध्ये काढून ठेवला होता. वल्हं मारावं तर लोखंडी बोट, एकच वल्हं, ते नुसतं तोंड फिरवायला पुरायचं. मग ज्या कामासाठी मी लोकांना शिव्या घालायचो तेच केलं. डब्याच्या झाकणात पुढच्या टाकीतलं डिझेल घेऊन तो कागद धुतला. एकदा, पुन्हा एकदा, फुंकर मारून वाळवला. वेळ जात होता. सुमित्रा पुढे बसून होती. ती काठाकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. तिनं एकदाच विचारलं, "कक्का, हो जैहे?"

"हो जाएगा बेटी," मी म्हणालो. साहेबांबरोबर हसल्याची उबळ अजून माझ्या गळ्यात होती, आणि तो आवाज मला आजही ऐकू येतो.

रैकवार हातपंप मारत होता, मी स्क्रू धरून होतो. फेस येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. कशीबशी धार लागली. इंजिन सुरू झालं, पण ते फक्त मंद चालीवर चाललं, जरा वेग दिला की गुदमरायचं. त्या मंद चालीनं आम्ही काठाला लागलो. साहेबांनी बूटही न झटकता पोरीला आणि रैकवारला जीपमध्ये घातलं आणि गाडी भरधाव सोडायला लावली. मी मागे राहून टाकी साफ केली. त्या दिवशी मी ती इतकी स्वच्छ केली, की आतून पाणी प्यायला हरकत नव्हती.

संध्याकाळी जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं. मुलींची नावं पुकारून झाली होती. सुमित्राचं नाव दोनदा पुकारलं होतं म्हणे. सोहोनी साहेब स्वतः आत गेले, भांडले, विनवलं. आतल्या बाई म्हणाल्या, यादी वर गेली, आता माझ्या हातात काही नाही. साहेब माणूस वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहितो.

दुसऱ्या दिवशी रैकवार नेहमीप्रमाणे कामावर आला. मी वाटीतलं पाणी सोडत होतो. तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "पंडितजी, हमसें चूक हो गई."

मी वर न बघता म्हणालो, "छोड़ो भैया, हो गया सो हो गया."

मला वाटलं, मी त्याला धीर देतो आहे.

वैशाखात सुमित्राचं लग्न झालं. मी जेवून आलो. साहेबांनी चांगला आहेर केला. पोरगी मऊरानीपुरला गेली. साहेबांचीही पुढे बदली झाली, पण त्याआधी दोन गणेशोत्सवांत त्यांनी टाकीचा किस्सा इतका रंगवला की तो आमच्या मंडळाचाच होऊन गेला. ते गेल्यावर सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी तो सुधारत नेला. साहेबांचा आवाज काढायचो, इंजिनाचा दमा काढायचो. रैकवारची नक्कलही करायचो, बारीक आवाजात 'खाली है, खाली है' असं. लोक त्यालाच जास्त हसायचे. पोरगी माझ्या किश्शात नव्हती. मुद्दाम वगळली असं नाही. ती आली की किस्सा लंगडायचा, म्हणून आपोआप गळाली. गाळण्याचं काम मला आयुष्यभर चांगलं जमलं.

रैकवार निवृत्त झाला, काही वर्षांनी वारला. मीही निवृत्त झालो. पण डिझेलचा वास सुटेना, म्हणून गावोगावच्या इंजिनांची, शेतातल्या पंपांची कामं करायला लागलो. अशाच एका कामासाठी मऊरानीपुरला गेलो. पिठाची चक्की होती, डिझेल इंजिनावर चालणारी. चालता चालता बंद पडते, अशी तक्रार. मी फिल्टर खोलला. कागद धुऊन धुऊन चिंधी झालेली. मी नेहमीप्रमाणे बडबडत होतो, तेवढ्यात पिठानं पांढरी झालेली एक बाई पुढे आली, मला निरखून बघत.

"पंडित कक्का?"

मी ओळखलं नाही. तिनं नाव सांगितल्यावर ओळखलं. चक्की तिच्या नवऱ्याची होती, पण चालवत तीच होती. आई तिच्याकडेच राहायची, अंगणात खाटेवर बसलेली दिसत होती. सुमित्रानं चहा आणला. मी काम करत होतो, ती शेजारी उभी होती. मुलंबाळं, तब्येत, सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली, "कक्का, एक बात पूछनी हती. ऊ दिना आप औरें हँसे काय पे हते?"

मी मान वर केली. म्हणालो, "क्यों? बाबूजी ने नहीं बताया?"

"बे का बताते. आप औरें मराठी में बोल रये ते." तिनं हात पदराला पुसले. "अम्मा कत्तीं कै हम पे हँसे हुइयें, कै मल्लाह की मोड़ी चली नर्स बनबे. हम कत्ते, बाबूजी पे हँसे, कै उनने गलत टंकी खोल दई." आईच्या मते आम्ही नावाड्याची पोरगी नर्स व्हायला निघाली म्हणून हसलो, तिच्या मते बापानं चुकीची टाकी लावली म्हणून.

"गलत? साहब ने जो बोली वही तो खोली."

"बाबूजी तौ कत्ते ते, इंजन के हल्ला में उनने गलत सुन लई. साहब ने कछू और कई हुइयै. ऊके बाद सें बे हर बात दो बेर पूछत ते."

हो, पूछत ते. आपणच चुकीचं ऐकलं असं धरून रैकवार प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा. साहेब लोक चिडायचे आणि आम्ही म्हणायचो, रैकवारला ऐकू कमी यायला लागलं. मीच म्हणायचो.

झाशीत ज्याला म्हणून मराठी येत होतं त्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगितली होती. मुंजीला आलेल्या पाहुण्यांना सांगितली होती. सूनबाईला तर लग्नाच्या आधी, मुलगी बघायच्या कार्यक्रमात सांगितली होती. त्या बोटीत आम्ही चार माणसं होतो आणि त्यातल्या दोघांना ती कोणी सांगितलीच नव्हती. हिंदीत दोन वाक्यं पुरली असती. 'छोड़ो भैया' म्हणालो त्या सकाळीच पुरली असती. मला इतकी लाज वाटली की, हातातला पाना ठेवायला जागा सापडेना.

मी तिला सांगितलं. हिंदीत ती गोष्ट सांगायची माझी ती पहिलीच वेळ. मराठीत खाली म्हणजे नीचे, इथपासून सुरुवात करावी लागली. साहेब काय समजले, मी काय सांगितलं होतं, कॉकला तार बांधायची होती ती मी कशी बांधली नाही, सगळं. ती ऐकत होती. हसण्याची जागा आली आणि गेली. तिनं फक्त एवढंच विचारलं, "तौ बाबूजी ने सई खोली ती?"

"सही खोली थी बेटी. और मना भी किया था, एक बार."

ती म्हणाली, "अम्मा खों सोई बता दो. जोर सें बोलियो, ऊँचो सुनत हैं."

ती मला अंगणात घेऊन गेली. नवऱ्यालाही हाक मारली, मुलांना उभं केलं. मी त्या म्हातारीच्या खाटेजवळ वाकलो आणि तिच्या कानाशी, ओरडून, शेजारच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, सगळं पुन्हा सांगितलं. मध्येच ती म्हणायची, "काय?" मग मी ते वाक्य पुन्हा ओरडायचो. रैकवारची चूक नव्हती, हे वाक्य मला तीनदा ओरडावं लागलं.

तिला कळलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पदर ओढून घेतला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "हमने तौ उनखों मरत लों सुनाई. कै अपनी नाव में अपनी मोड़ी डुबो दई." म्हणजे तो मरेपर्यंत ती त्याला हेच सुनावत आली होती. ती खाटेच्या दोरीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "और बे कछू नईं बोले. मूँड़ हिला देत ते."